द्राक्षवाटेवर दोन चाके : सातारा ते सांगली, कृष्णेच्या सोबतीने

द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या सायकलवाटा म्हटल्या की फ्रान्स किंवा इटलीतील चित्रे डोळ्यांसमोर येतात. मंद चढ-उतारांच्या टेकड्या, त्यांवर ओळीने लावलेले वेल, अधूनमधून दगडी घरांचे गाव आणि वाटेच्या शेवटी मद्याची तळघरे. असाच चढ-उतारांचा, वेलींचा आणि लहान गावांचा प्रदेश आपल्या दाराशी आहे, याची जाणीव मात्र आपल्यापैकी अनेकांना नसते. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे असले, तरी १९४९ पूर्वीचा सातारा जिल्हा या मुलखाचा फार मोठा भाग कवेत घेऊन होता. त्या वर्षी उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे विभाजन झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण कृष्णामाई त्या रेघेला न जुमानता महाबळेश्वराहून निघून दोन्ही जिल्ह्यांना पूर्वीप्रमाणेच जोडीत वाहते आहे. तिच्या सोबतीने सायकलवर केलेला दोन दिवसांचा प्रवास आपल्या भूमीची, आपल्या अन्नाची आणि आपल्या समाजाच्या इतिहासाची ओळख ज्या रीतीने करून देतो, तशी मोटारीच्या काचेआडून होत नाही.

युरोपातील द्राक्षवाट आणि आपली द्राक्षवाट यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आपल्या वाचकांना निश्चितच रुचेल. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. तरीही तासगाव-पलूस भागातील द्राक्षांचा मुख्य मार्ग मद्याकडे गेला नाही. येथील द्राक्ष खाण्यासाठी पिकते, आणि जे ताजे विकले जात नाही त्याचा बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या घरातील प्रसादाच्या ताटात, शिऱ्यात किंवा उपवासाच्या पारण्यात जो बेदाणा असतो, तो बहुधा याच माळरानावर वाळलेला असतो.

ऋतू कोणता निवडावा?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा या प्रवासाचा उत्तम काळ. सकाळची थंडी, पडलेला वारा आणि स्वच्छ आकाश सायकलस्वाराला साथ देतात. द्राक्षवेलीचे वर्षही याच वेळी रंगात आलेले असते. बागायतदार वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतो. उन्हाळ्यातील खरड छाटणी पुढील वर्षाच्या काडीची तयारी करते, तर पावसाळ्याच्या शेवटी किंवा त्यानंतर केलेली फळछाटणी घड आणते. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे जानेवारीत सायकलवरून जाणाऱ्याला एका बागेत मणी फुगताना दिसतात, दुसरीत त्यांत पाणी उतरलेले दिसते आणि तिसरीत काढणी चाललेली असते. एकाच दिवसात एका पिकाच्या तीन अवस्था पाहावयास मिळतात.

पहिला दिवस : सातारा ते कराड

सातारहून कराडला जाणारा महामार्ग जवळचा आहे, पण तो सायकलसाठी सुखाचा नाही. त्याऐवजी माहुलीच्या संगमावरून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी वाट धरावी. पुणे-मिरज लोहमार्गही याच गावांच्या आसपासून जातो. त्यामुळे कोणी दमले, कोणाची सायकल मोडली, तरी रेल्वे स्थानक फार दूर नाही हा दिलासा कुटुंबासह निघालेल्यांना असतो. पहिल्या दिवशी द्राक्षे फारशी दिसणार नाहीत. ऊस, ज्वारी, हरभरा आणि आले यांचा हा पट्टा आहे. नदीजवळ काळी, चिकट माती आणि चढावर गेल्यावर तांबूस मुरूम, असा बदल चाकाखाली जाणवू लागतो.

सातारा सोडण्यापूर्वी एक स्मरण आवश्यक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. हे सर्वज्ञात आहे. त्याआधी ते लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून याच गावांतून हिंडले होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. किर्लोस्करांच्या आणि पुढे कूपर यांच्या कारखान्याच्या कामानिमित्त झालेल्या या भटकंतीत शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिले. गावात सावकाश जाणाऱ्याला गाव दिसते, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

मुक्काम कराडला करावा. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून या स्थानास प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाण यांची समाधी याच काठावर आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा आपला नियम सायकलस्वारासही अत्यंत हितकर ठरतो. लवकर जेवण, लवकर निद्रा आणि पहाटे उजाडताच प्रस्थान, हाच लांब पल्ल्याच्या प्रवासाचा खरा शिरस्ता आहे.

दुसरा दिवस : चढ, कुंडल आणि किर्लोस्करवाडी

कराडहून आग्नेयेकडे निघालो की शेणोली, ताकारी ही गावे लागतात. ताकारीपासून देवराष्ट्रेकडे वळले तर सागरेश्वराचा घाट लागतो. घाट लहानच, पण पायांची परीक्षा घेणारा. त्याच्या माथ्यावरील जंगल निसर्गतः उरलेले नसून माणसांनी वाढविलेले आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडे लावण्याचा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला, लोकांची साथ मिळाली आणि १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज तेथे सांबर आणि चितळ निर्भय हिंडतात. अवघ्या अकरा चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर असलेले हे रान जीवदयेचा प्रत्यक्ष धडा होय. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव.

पुढे कुंडल येते. आपल्या समाजास या गावाचा परिचय करून देण्याची गरज नाही. डोंगरातील झरी पार्श्वनाथांच्या गुहेत पाण्याची धार अखंड झिरपत असते. भोवतीचा मुलूख कोरडा असताना पाषाणातून पाझरणारे ते थेंब पाहून मन स्थिरावते. सायकल पायथ्याशी ठेवून, पादत्राणे काढून, डोंगर चढून दर्शन घ्यावे. स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या काळात हेच कुंडल क्रांतिकारकांचे मोठे ठाणे होते, हीही या गावाची ओळख आहे.

कुंडलजवळच किर्लोस्करवाडी आहे, आणि सायकलस्वाराने येथे थांबून मान लववावी असे एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात नांगरापासून किंवा पंपापासून झाली नव्हती, ती सायकलपासून झाली. बेळगावात १८८८ साली बंधूंसह त्यांनी सायकलींचे दुकान सुरू केले. आजच्या धाटणीची, दोन सारख्या चाकांची सुरक्षित सायकल इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली यांनी १८८५ साली आणली होती आणि डनलॉप यांनी हवेचे टायर काढले ते १८८८ सालीच. म्हणजे जगात नवे असलेले हे यंत्र जवळजवळ त्याच वेळी बेळगावच्या रस्त्यावर आले. दुकानापासून दुरुस्ती, दुरुस्तीपासून कडबा कापण्याची यंत्रे आणि तेथून लोखंडी नांगर अशी ती वाटचाल झाली. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे प्रारंभी नांगरास गिऱ्हाईक मिळेना. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान दिले आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे याच कारखान्याच्या पंपांनी विहिरींचे पाणी शेतात आणले. या प्रदेशातील द्राक्षवेलीच्या मुळाशी शोध घेत गेल्यास एका सायकलच्या दुकानापर्यंत पोहोचता येते.

वेलींचा मुलूख

पलूसपासून तासगावपर्यंत आणि त्यापुढे कवठेमहांकाळपर्यंत खरा द्राक्षपट्टा आहे. रस्ता सपाट नाही. दोन-तीन किलोमीटरांचा हलका चढ, मग ओढ्यापर्यंत उतार, पुन्हा चढ. अशा वाटेवर गिअर आधीच हलका करावा आणि पायांची गती एकसारखी ठेवावी. चढावर जोर लावून दमण्यापेक्षा मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे शांतपणे मारीत राहणे गुडघ्यांच्या हिताचे असते. दोन्ही बाजूंना लोखंडी कोनांवर आणि तारांवर पसरलेले हिरवे मांडव दिसतात. या तालुक्याने देशाला एक वाणही दिला आहे. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील बागायतदार वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस जातीच्या वेलींतून निवडलेला लांबट मण्याचा प्रकार ‘तास-ए-गणेश’ या नावाने प्रसिद्ध झाला. नावातील गणेश हे तासगावच्या गणपतीचे स्मरण. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या त्या मंदिराचे सात मजली गोपूर दुरूनच ओळखू येते.

फेब्रुवारीनंतर माळावर बेदाण्याची शेडे गजबजतात. पूर्ण गोडी भरलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात काही मिनिटे बुडवितात. त्यामुळे मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतील ओलावा लवकर बाहेर पडतो. मग वर छप्पर, बाजूंनी मोकळी अशा शेडमध्ये जाळीच्या रॅकवर एकावर एक थर पसरतात. ऊन थेट लागत नाही, कोरडा वारा मात्र आरपार खेळतो. सुमारे दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांपासून साधारण एक किलो बेदाणा, असा हिशोब असतो. नंतर काड्या काढणे आणि निवड ही कामे होतात. ती बहुतांशी स्त्रियांच्या हातची आहेत. तेथून माल शीतगृहात किंवा तासगाव-सांगलीच्या सौद्यांत जातो. माळावरचा जो उष्ण, कोरडा वारा सायकलस्वाराचे ओठ फोडतो, त्याच वाऱ्यावर हा धंदा उभा आहे.

पायांना कळणारा हिशोब

या प्रवासाचा सर्वांत मोठा लाभ आता सांगितला पाहिजे. कृष्णाकाठ सोडून पूर्वेकडे निघालो की रस्ता हळूहळू वर चढतो. मोटारीतून तो चढ लक्षातही येत नाही. सायकलवर मात्र प्रत्येक मीटर पायांना कळतो. नेमका हाच चढ पाण्यालाही चढावा लागतो. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात आणि नदी त्यांच्या खालच्या पातळीवरून वाहते. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवितात.

थोडे गणित करून पाहू. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलो वजन शंभर मीटर उंच चढविण्यास सुमारे अठ्ठ्याहत्तर किलोज्यूल ऊर्जा लागते. एक हजार लिटर पाणी तेवढ्याच उंचीवर नेण्यास तिच्या साडेबारा पट, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. पंपातील आणि नळातील घट यात धरलेली नाही. सराव असलेला सामान्य सायकलस्वार तासभर सातत्याने शंभर वॉट शक्ती देऊ शकतो. त्या हिशोबाने एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर नेण्यास त्याला जवळजवळ पावणेतीन तास पायडल मारावे लागेल. घरात नळ मोकळा सोडून आपण किती सहज एवढे पाणी वाहू देतो! चढावर धाप लागलेल्या मुलाला हा हिशोब सांगावा, तो जन्मभर विसरणार नाही. पाणी गाळून आणि जपून वापरण्याची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या शिकवणीचा अर्थ या चढावर शरीराला पटतो.

या मुलखाची दुसरी व्यथाही त्याच वाटेवर दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली शहर पाण्याखाली गेले आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षीच्या परतीच्या आणि अवकाळी पावसाने पूर्वेकडील द्राक्षबागांची दाणादाण उडविली. फळछाटणी झालेल्या, फुलोऱ्यातील घडांवर पाऊस पडला की डावणी पडते, मणी गळतात, घड कुजतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळणाऱ्या बागायतदाराला ऐन हंगामात पावसाचीच धास्ती वाटते. मांडव, औषधे, मजुरी यांसाठी काढलेले कर्ज त्या एका हंगामावर अवलंबून असते. त्यामुळे बागेच्या कडेने जाताना हिरवाई पाहून केवळ ‘किती सुंदर’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. ढगाळ दिवशी त्याच बागेचा धनी रात्रभर जागलेला असू शकतो.

सावधपण आणि सदाचार

आपल्या मुनिमहाराजांच्या विहाराचे दर्शन आपण घेतो. ईर्यासमितीनुसार ते पुढील चार हात भूमी न्याहाळीत पाऊल टाकतात, जेणेकरून जीवांना पीडा होऊ नये. सायकलस्वाराची त्यांच्याशी तुलना होऊ शकत नाही, पण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सात मीटर पुढे जाते. म्हणून दृष्टी निदान पंचवीस-तीस मीटर पुढे असावी. रस्त्यावर कुत्र्याचे पिल्लू असते, वाळत घातलेली ज्वारीची कणसे असतात, पहाटे उबेसाठी डांबरावर आलेला सरडा किंवा साप असतो. उतारावर वेग आवरला तर त्यांचाही जीव वाचतो आणि आपलाही.

खरा धोका वाहनांचा आहे. साखर कारखान्यांचा हंगाम आणि सायकलचा हंगाम एकच. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात अनेकदा मागच्या दिव्याविना धावतात. त्यांच्या मागे लागून जाऊ नये, आणि उजाडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर रस्त्यावर असूच नये. शिरस्त्राण, मागचा तांबडा दिवा आणि भडक रंगाचा सदरा ही चैन नव्हे. वेड्या बाभळीच्या काट्याने चाक पंक्चर होणे ही येथील नित्याची बाब आहे. जादा ट्यूब, पंप आणि ते वापरण्याचे ज्ञान सोबत असावे. चाळिशी उलटलेल्यांनी आणि हृदयविकार वा मधुमेह असलेल्यांनी वैद्यांचा सल्ला घेऊनच निघावे.

आहाराबाबत आपणास बाहेरचे काहीच शोधावे लागत नाही. बेदाणा, केळे, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि उकळून गाळलेले पाणी एवढे पुरेसे आहे. बेदाण्यातील साखर त्वरित शक्ती देते. तासाला एक मूठ बेदाणे आणि वरचेवर घोटभर पाणी घेतले, तर थकवा लांबतो.

गावात वागण्याची रीत साधी आहे. बागेतील घडाला हात लावू नये. एक तर ते दुसऱ्याचे धन आहे, आणि न दिलेले घेऊ नये हे आपले व्रतच आहे. शिवाय त्यावर नुकतीच फवारणी झालेली असू शकते. फवारणी चाललेली दिसली तर वाऱ्याच्या वरच्या बाजूने झटकन पुढे जावे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. पारावर बसलेले वडीलधारे ‘कुठलं पाव्हणं?’ असे विचारतात, तेव्हा सायकल उभी करून, नमस्कार करून नीट उत्तर द्यावे. बहुतेक वेळा त्यापुढे चहा किंवा पाणी येते आणि मग पावसाची, दराची, मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघते. बेदाणा घ्यावयाचा असेल तर तो शक्यतो शेडवरूनच, योग्य दर देऊन घ्यावा. दोन किलोंनी कोणाचे कर्ज फिटत नाही, पण पिकविणाऱ्याच्या हातात पैसे देताना आपल्या ताटातील अन्नामागचा चेहरा आपल्याला दिसतो.

सर्वांनाच दोन दिवसांचा प्रवास जमणार नाही. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांनी रेल्वेने किर्लोस्करवाडीस यावे, कुंडलचे दर्शन घ्यावे आणि पलूसपर्यंत सावकाश सायकल चालवून परतावे. ज्यांना बळ आहे त्यांनी तासगाव गाठावे आणि तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील सांगलीस कृष्णेच्या घाटावर प्रवास संपवावा. समाजातील युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या माघात अशी एक सामूहिक सायकलयात्रा अवश्य योजावी. सोबत एक गाडी, एक वैद्य आणि पंक्चर काढणारा एक जाणता असला की झाले. परतताना प्रत्येकाने थोडा बेदाणा घरी न्यावा आणि मुलांना तो कोणत्या माळावर, कोणाच्या हाताने आणि किती उंच चढून आलेल्या पाण्यावर पिकला, हे सांगावे.